धाकट्या जावेचा खतखड्डा

राजोडीच्या नर्मदेचं आयुष्यात कुणाशी वैर असेल, तर ते धाकट्या जावेच्या खतखड्ड्याशी. दोघा भावांत वाडी वाटली गेली, विहीर तेवढी सामाईक राहिली, आणि कुंपणापलीकडे या धाकटीच्या, प्रेमलाच्या केळी माजल्या. गणपतीला जिचा घड उत्तम, तिचाच सासूच्या पडवीत आढ्याला टांगायचा, अशी घरची रीत. आल्यागेल्यानं विचारावं, "कुणाचा हो?" आणि सासूनं दर वर्षी सांगावं, "प्रेमलाचा." थोरली सून असून तो मान नर्मदेच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

अशी कोणती जादू करत होती ही बया? भाजीची देठं, केळीची सोपटं, पालापाचोळा, शेण, चुलीतली राख, सगळं थरावर थर खड्ड्यात. अधूनमधून अर्नाळ्याच्या कोळणीकडून माशांची ओली घाण आणून पुरायची. नर्मदा कुंपणातून डोळे फाडून बघायची. गुपित माशातच आहे, हे तिनं ठरवून टाकलं. जावेला विचारायचं? मेले तरी नाही!

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात तिनं आपला खड्डा भरला. ओल्या घाणीच्या वासानं प्रेमलाला सुगावा लागेल, म्हणून खारवलेल्या सुक्या माशांची डोकी पाट्या भरभरून ओतली. कोळीण म्हणालीसुद्धा, "बाय, मीठ लय हाय यात." नर्मदेनं कानाआड केलं. उन्हाळ्यात ते खत केळींना पडलं आणि थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपल्या.

प्रेमला न बोलावता आली. चिमूटभर माती जिभेला लावली. "वहिनी, खारट झालीय हो." तिनं खत खरवडून काढलं, विहिरीचं पाणी पाटानं सोडलं, मग आपल्या खड्ड्यातल्या खताच्या पाट्या आणून ओतल्या. नर्मदा ओट्यावर बसून बघत राहिली. नको म्हणावं तर केळी जातात, हो म्हणावं तर नाक जातं.

गणपतीला सासूच्या पडवीत नर्मदेचा घड लागला. भरदार, पिवळाधमक. ती मुद्दाम दारातच उभी राहिली.

"कुणाचा हो?" पहिल्याच पाहुण्यानं विचारलं.

"थोरलीचा," सासू म्हणाली. नर्मदेची छाती फुगली. "पण खत प्रेमलाचं. तिनंच वाचवली केळ."

प्रसादाचं केळं प्रेमलानंच हसत तिच्या हातावर ठेवलं. गोड होतं. खोटं कशाला बोला? इतकं गोड होतं, की नर्मदेच्या घशाखाली उतरेना.