सप्त्याची गोळी

मॅडमनी माझा कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि माझ्याच बोलण्याची नक्कल करत भर वर्गात वाचला. "बाजारच्या बाजारी एकच गोळी. मधल्या दिवशी हात लावायचा नाय."

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "हा जागतिक आरोग्य समतेचा अभ्यासक्रम आहे. मेंढरांमागची भाषा मेंढरांमागेच ठेवायची."

मीही हसले. सगळ्यांसोबत, स्वतःलाच. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

बाप कन्नड तालुक्यात मेंढरं राखतो. औषधनिर्माणाची पदवी घेऊन सहा वर्षं मी शहागंजात एका मेडिकलवर उभी होते. मालकांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी एक गोष्ट शिकवली, "बेटा, गोली के साथ दिन भी देना." आठवड्याची गोळी असली की ते कुणाला सांगत, जुम्मे के जुम्मे. खेड्यातल्या माणसाला, बाजारच्या बाजारी. एवढी शिदोरी घेऊन मी पदव्युत्तर पदविकेला आले. औषध शेवटच्या माणसापर्यंत नीट पोचवायचं, याचंच शिक्षण होतं म्हणे ते.

आमचं पथक खेड्यातल्या आमवाताच्या रुग्णांना गोळ्या देणार होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर विष. तोंड आतून सोलून निघतं, रक्तातल्या पेशी उतरतात, माणूस हातचा जातो. सोबतच्या सूचनापत्रकातलं माझं वाक्य मॅडमनी खोडलं आणि वर लिहिलं, "प्रति सप्ताह एक मात्रा."

मी हात वर केला. "मॅडम, आमच्याकडं सप्ताह म्हणजे देवळातला. सात दिवस, रोज, बिनखंड."

"परदेशी पाहुणे येणार आहेत. भाषा प्रमाण हवी."

ज्या पाहुण्यांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, त्यांच्यासाठी. पत्रकाखाली छापलं होतं, 'भाषा तपासणी'. वर्गात खेड्यातली मी एकटी, म्हणून सही माझी हवी होती. मला पदविका हवी होती. मी सही केली.

शिबिर घाटाजवळच्या एका गावात झालं. "तुझं व्हय-नाय कॅमेऱ्यात बरं दिसत नाही," म्हणून मला मागं खोकी फोडायला बसवलं. पत्रक वर्गातल्या दुसरीनंच वाचून दाखवलं, टीव्हीवरच्या बातम्यांसारखं. माणसं लांबून येतात म्हणून प्रत्येकाला दहा गोळ्यांची अख्खी पट्टी दिली. एका म्हातारीनं पत्रक कपाळाला लावलं आणि घडी करून चंचीत ठेवलं. मला ते दिसलं. तरी मी खोकी फोडत राहिले.

दोन आठवड्यांनी पुन्हा त्याच गावी गेलो. तीच म्हातारी, साळूबाई, शाळेच्या ओट्यावर बसली होती. तोंडाला पदर. मी तो बाजूला केला. ओठ फाटलेले, जीभ लालभडक, दंडावर काळेनिळे डाग. तिनं चंचीतून पट्टी काढून मला दाखवली. सात घरं रिकामी होती.

"मावशी, रोज घेतली?"

"सप्त्याची गोळी हाय नव्हं? खंड नाय पडू दिला. शेळी व्याली त्या दिशी बी घेतली." थुंकी गिळताना तिचे डोळे मिटले. मग म्हणाली, "दुसरा सप्ता कवा बसवायचा, बाई?"

पथकातल्या डॉक्टरांनी तिला लगेच शहरातल्या दवाखान्यात पाठवलं. मी मॅडमना म्हणाले, बाकीच्यांना आत्ताच्या आत्ता कळवलं पाहिजे. त्या शाळेच्या खोलीत अहवाल लिहीत होत्या. पाहुणे बाहेर चहा घेत होते. मॅडमनी अहवालाचा कागद माझ्यापुढं सरकवला. "निरक्षरतेमुळे रुग्णाने सूचना पाळली नाही." खाली माझ्या सहीची जागा.

साळूबाई चौथी शिकलेली. तिनं ते वाक्य बोट ठेवून वाचलं होतं आणि व्रतासारखं पाळलं होतं.

"नाही करणार," मी म्हणाले.

"पदविका हवी आहे ना तुला?"

मी पेन घेतलं. ती ओळ खोडून लिहिलं, "बाईनं सूचना पाळली. सूचनाच चुकीची होती. मॅडमना धोका आधी सांगितला होता, तरी मी सही केली." त्याखाली सही केली, आणि आता कागदावरची बोलीसुद्धा माझीच ठेवली, "म्हून ही बाई मरायला टेकली." मी रुग्णांची यादी उचलली आणि निघाले.

आज चौथा दिवस. साळूबाईच्या पेशी अजून वर येत नाहीत. फोन लागत नव्हते, माणसं मेंढरांमागं रानात. कुणाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, कुठं बसलाय, हे मॅडमच्या नकाशात नाही. मला माहीत आहे, कारण मी त्यांच्यातली आहे. वस्तीवर जाऊन मी पत्रकं काढून घेतली, पट्ट्या काढून घेतल्या. काहींनी सप्ता पुरा केला होता, त्यांना सोबत घेऊन तपासायला नेलं. यादीत एक घर उरलंय. त्यांचा कळप घाट उतरून खाली गेला म्हणतात. नवरा-बायको दोघांनाही गोळ्या दिलेल्या.

फाडायला म्हणून काढून घेतलेली पत्रकं मी फाडलेली नाहीत. प्रत्येकावर माझी सही आहे. परतले की तक्रारीला तीच जोडणार आहे, आधी माझं नाव, मग मॅडमचं.

बसलेला सप्ता मोडू नये, असं आई सांगायची. हा गोळ्यांचा सप्ता मी मोडणार.