शिवल्यांनी ओकलेला चिखल

आमच्या घरी पत्रकं भाकरीइतक्याच नेमाने व्हायची. खाडीकाठच्या कारखान्याविरुद्ध बाबा लिहायचे, मी वाटायचे. पुढे नवीन पनवेलला एका प्रयोगशाळेत लागले, तेव्हा वाटलं, आता पुरावाही घरचाच.

माझं काम आमच्या खाडीतल्या शिवल्यांवर, म्हणजे चिखलातल्या खायच्या शिंपल्यांवर होतं. त्यांच्या प्रथिनांचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइड, करायचे. मास स्पेक्ट्रोमीटर ते तुकडे तोलतो. आलेली वजनं माहीत असलेल्या प्रथिनांच्या यादीशी जुळवायची. निम्म्याहून जास्त तुकड्यांची ओळखच पटत नव्हती. एक मात्र जुळला, जरा अंधूकच. विषारी पाण्यात शिवली तगायला धडपडते तेव्हा वाढणाऱ्या प्रथिनाचा. त्याच संध्याकाळी मी पत्रकात ओळ घातली : ‘खाडीत विष आहे, शिवल्यांचीच साक्ष.’ रविवारी गावच्या सभेत, कारखान्याच्या साहेबांसमोर ते वाटायचं होतं.

शिवल्या आत्याच काढून द्यायची. तिने सहज विचारलं, "आगो, पान्यात किती येळ ठेवतेस?"

"ठेवत नाही. आणल्या की लगेच गोठवते."

"चिखलासकट? यवरी शिकलीस नि शिवल्या ओकवायला नाय शिकलीस? तसलं कालवन मांजर पन नाय खायाचा!"

मी हसले. घरी हे कधी चुकलं नव्हतं. प्रयोगशाळेत सुचलंच नाही.

नव्या शिवल्या दिवसभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवल्या. त्यांनी ओकलेला चिखलही वेगळा तपासला. शिवल्यांचे तुकडे आता भराभर ओळखू येऊ लागले. तो विषाच्या साक्षीचा तुकडा मात्र त्यांच्यात नव्हता. तो चिखलात होता, शेवाळाचा.

मी बाबांना म्हटलं, "ती ओळ काढा."

"छापखान्यात पानं जुळवून झालीत. आणि खाडी काय स्वच्छ आहे?"

"नाही. पण ही साक्ष खोटी आहे. साहेबांनी एवढी एक ओळ खोडून काढली, तर अख्खं पत्रक खोटं ठरेल. तुम्हीच शिकवलंय."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग जुन्या पनवेलच्या छापखान्यात फोन लावला.

त्या ओळीच्या जागी आत्याने सांगितलं ते छापलं : पूर्वी एका ओहोटीला टोपली भरायची, आता तीन ओहोट्या लागतात. सभेत साहेबांनी विचारलं, "याला पुरावा काय?"

आत्या रिकामी टोपली घेऊन उठली. "उद्या ओहोटीला या. चपला काढून."