पालथं ठेवलेलं गाडगं

भुताखेतांवर माझा विश्वास कधी नव्हता, आजही नाही. मी कापडाच्या मिलमध्ये सांच्यावर, म्हणजे मागावर, उमर काढलेला माणूस. सांचा थांबला तर सूत तुटलेलं असतं, नाहीतर पट्टा निसटलेला असतो. तिसरं कारण नसतं. त्यात आम्ही ख्रिस्ती. चिंचेखाली कोण दिसलं, विहिरीतून कुणी हाक मारली, असल्या गोष्टी जेवायच्या सुट्टीत निघाल्या की मी उठून जायचो. तेव्हा हे लिहितोय ते कुणाला भिववायला नव्हे. शाळा मी पाहिली नाही, अक्षरं बायकोनं शिकवली. चुकलं-माकलं तर समजून घ्या.

बायकोचं नाव मार्था. माहेर वैराग. लहानपणी कडबा तोडताना तिच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गेलेली. शुक्रवार पेठेत एका बोळात आमची एक खोली होती. एकच दार, खिडकी नाही, वर मातीचं धाबं. मूलबाळ झालं नाही. दोघंच.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. दळायला बसायच्या आधी घरच्या बाईनं ज्वारीची एक मूठ देवासाठी बाजूला काढायची. त्याचं गाडगं वेगळं असतं. महिन्यातून एका रविवारी बाया ती गाडगी आमच्या ख्रिस्ती देवळात नेतात आणि ती ज्वारी विधवा-गरिबांना जाते. मार्थानं ही मूठ कधी चुकवली नाही. पण हात तसला... पोत्यापासून फळीवरच्या गाडग्यापर्यंत दाण्यांची रेघ पडत जायची. चिमण्यांना ते ठाऊक झालेलं. दार उघडं दिसलं की आत.

मी म्हणायचो, "आगं, निम्मी देवाला आन निम्मी चिमण्यांना. आसली कसली गं तुजी मूठ?"

"मग? चिमण्या काय सैतानाच्या हायत व्हय?"

पुढं प्लेग आला. बोळात उंदीर पडायला लागले तशी सगळी पेठ माळावर झोपड्या घालून राहायला गेली. आम्हीही निघालो. आदल्याच दिवशी मार्थानं गाडगं देवळात रिकामं केलं होतं. निघताना ते फडक्यानं पुसून तिनं फळीवर पालथं घातलं. मी दारातच उभा होतो, माझ्यासमोरची गोष्ट. ज्वारीचं पोतं हातगाडीवर घातलं. घरात दाणा ठेवला नाही. कुलूप मी लावलं आणि चावी सुतात ओवून गळ्यात घातली.

झोपडीत मार्थाचं निराळंच सुरू झालं. दळायच्या आधी मूठ भरायची, डोळे मिटून जरा धरायची आणि परत पोत्यात सोडायची.

"ह्ये काय नाटक?"

"गाडगं घरी ऱ्हायलं की. पर देवाच्या नावानं काढती. त्याला कळतंय."

मग तिलाच ताप आला. काखेत गाठ आली. मी बसून होतो, दुसरं काय करणार. दुपारी तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "आज मूठ काडली का?"

"मार्थे, तुजं काय चाललंय आन तुला मुठीचं पडलंय?"

"तुमी काडा की."

"न्हाय काडत. देवाचा ह्यो कसला बेत हाय, मला जरासुदिक पटंना."

ती हसली. त्या तापात हसली. "आवो, मग काय तुमाला इचारून करायचा का त्यानं?"

त्यानंतर ती बोलली नाही. संध्याकाळच्या आत गेली.

माती दिल्यावर पाळकसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "याकोबभाऊ, ही देवाची योजना. विश्वास धरा."

मी म्हणालो, "साहेब, तुमची बायको घरी भाकरी थापतीया. मला योजना सांगू नका."

माणूस चांगला. खाली मान घालून उभा राहिला. पण मी ठरवून टाकलं — आता देवळाची पायरी चढायची नाही.

प्लेग ओसरला. लोक घरोघरी परतले तसा मीही परतलो. माझ्यासोबत समोरच्या घरातला नरसय्या होता, हातमागवाला तेलुगू माणूस. त्याची झोपडीही माळावर आमच्या शेजारीच होती. कुलपाला गंज चढलेला. तेल सोडून, हिसके देऊन उघडलं.

जमिनीवर धुळीचा थर होता. त्या धुळीवर, पोत्याच्या रिकाम्या कोपऱ्यापासून फळीपर्यंत, ज्वारीच्या दाण्यांची रेघ. आणि फळीवर गाडगं सुलटं, ज्वारीनं भरलेलं.

नरसय्या म्हणाला, "याकूबअण्णा, जाताना भरून ठिवलं होतंस काय रे?"

"न्हाय. पालथं होतं. घरात दाणा न्हवता."

"मग उंदीर आसंल."

"उंदीर गाडगं सुलटं करून भरतोय व्हय?"

त्यानं धाबं बघितलं, भिंती चाचपल्या. कुठं भोक नाही. धुळीत आमच्याखेरीज पाऊल नाही. मग त्यानं माझ्या गळ्यातल्या चावीकडं बघितलं, चपला बाहेर काढल्या आणि हात जोडून उभा राहिला. मार्था गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या दिवशी उंबऱ्यावर बसून रडलो.

एक सांगतो. ती ज्वारी मी मुठीनं मोजली नाही. मोजली असती तर कळलं असतं — माळावर तिनं धरून सोडलेल्या तेवढ्याच मुठी त्यात होत्या, का ती गेल्यानंतरच्याही. मोजायला भ्यालो. अजूनही वाटतं, भ्यालो ते बरं झालं.

रविवारी गाडगं घेऊन देवळात गेलो. बायांच्या रांगेत मी एकटा पुरुष.

एक म्हातारी म्हणाली, "का ओ, लुगडं घरी इसरलं का?"

मी म्हणालो, "मार्थाचं हाय." मग तिनं हसू गिळलं आणि मला पुढं जागा करून दिली. पाळकसाहेबांनी गाडगं घेतलं. योजनेचं काही बोलले नाहीत.

त्याला बरीच वर्षं झाली. खोली तीच. गाडगं मी रोज पालथं घालून बघत होतो — सुरुवातीला, वर्षभर. परत काही झालं नाही. आता रोजची मूठ मी काढतो. विश्वास बसला म्हणून का, असं विचाराल तर मला धड सांगता यायचं नाही. भांडण मिटलेलं नाही. प्रार्थनेत अजून विचारतो, तिला का नेलंस. उत्तर येत नाही. ते गाडगं कुणी भरलं, तेही कळलेलं नाही. सांच्याचं मला कळतं, याचं नाही.

फक्त माझा हात धड. मुठीतून दाणा सांडत नाही. चिमण्या दारात येऊन बसायच्या, जमिनीकडं बघायच्या आणि उडून जायच्या. ते काही मला बघवेना.

म्हणून आता मी मधली दोन बोटं आत दुमडून मूठ भरतो.