पहिल्या पानावर विरोधक

वारूळवाडीच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक तमिळ भाडेकरू राहतो. नोकरीनिमित्त इकडे आला, मराठी शिकला आणि आता मिसळीच्या तर्रीवरून माझ्याशी वाद घालतो. त्याचे पणजोबा इंग्रजांच्या काळात मद्रासकडच्या एका गावात साप्ताहिक चालवत. स्वतः छपाईचे खिळे जुळवायचे, स्वतः अग्रलेख लिहायचे, आणि त्यापायी तुरुंगातही जाऊन आले. मीही बरीच वर्षं नारायणगावातून चार पानांचं साप्ताहिक काढतोय. मला मात्र तुरुंगात कोणी नेलं नाही, सरकार बहुधा वाचतच नसावं. या पणजोबांचं मला वेडच लागलं. संध्याकाळ झाली की वर जायचं, कॉफी प्यायची आणि त्यांच्या गोष्टी ऐकायच्या.

पुढे पणजोबा निवडणुकीला उभे राहिले. तेव्हा त्यांनी आपल्याच पेपरात पहिल्या पानावर विरोधकाला जागा दिली आणि स्वतःबद्दल चकार शब्द छापला नाही. ती निवडणूक ते पडले, कायदेमंडळात गेले ते पुढच्या खेपेला, हेही भाडेकरूने सांगितलं होतं. तेवढं मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कारण मीही उभा होतो, ग्रामपंचायतीला. समोर माझाच चुलतभाऊ. मागच्या वेळी मी पडलो होतो, आणि लग्नात कोणी ‘हे आपले पडलेले उमेदवार’ अशी ओळख करून दिली की घास गोड लागत नसे. यंदा मला निवडून यायचंच होतं. तरी भावाला निरोप धाडला, तुझं म्हणणं लिहून दे, पहिल्या पानावर छापतो. लोक म्हणतील, केवढं मोठं मन, असंही मनात होतंच.

भावाचा मजकूर वाचून मला हसू आवरेना. ‘तमाम माता-भगिनींनो’पासून सुरुवात, मग विकासाची गंगा, आणि तीन पानं संपली तरी मुद्दा नाही. तसाच छापला असता तर मी तिथेच जिंकलो असतो. पण जित्याची खोड. लाल पेन घेतलं आणि गंगा आटवली. तळाशी एक ओळ दडली होती, की नळाला पाणी भर दुपारी सुटतं, तेव्हा बाया रानात असतात. ती उचलून सुरुवातीला आणली. बाकीचं कापलं, मथळा दिला. अंक हातात आला तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो.

निकाल लागला, मी सपशेल पडलो. घरी येऊन म्हणालो, “आपल्या आळीतलीही मतं फुटली.”

“माजंच फुटलं की,” बायको चहा गाळत म्हणाली. “भावजींनी पान्याचं काय लिवलं व्हतं. म्हनलं, या मान्साला कळतंय.”

“अगं, ते मी लिहिलंय.”

“मंग सोताचं आसं का न्हाई लिवलं?”

कपाटातून माझं प्रचाराचं पत्रक काढून पाहिलं. त्यात नळाचं नावही नव्हतं. मग मात्र मी पोट धरून हसलो, आणि तीही हसली.

पडलेल्याच्या दारात चार फटाके जास्त वाजवायची आमच्याकडे रीत आहे. भावाने डीजे कोपऱ्यावरच थांबवला आणि गुलालाने माखलेला एकटाच आत आला. पाया पडून म्हणाला, “दादा, आता त्ये पान्याचं करावं लागंल राव. छापून बसलंय.”

“नाही केलंस तर पुढचा अंक आहेच,” मी म्हणालो.

त्याने केलं. आता पाणी सकाळी येतं. परवा नळावर बायको शेजारणीला सांगत होती, “आमच्या ह्यांनी लिवलं म्हून आलं बरं का.” मला मत न दिलेली बाई ही. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. निवडून आलो असतो तरी इतका आनंद झाला नसता.