पाठकोरं पान

बुवा काठीनं भिंत ठोठावायचे आणि म्हणायचे, “इथं सबंध पुराण उतरलं.” पाहुणा विचारी, घर कोणाचं? “मालक काय विचारता? हात कोणाचा ते विचारा.”

श्रावणात दक्षिणेसाठी पुण्यात येणारे शास्त्री वाडे आणि कारंजी बघून माघारी जातात. पोथ्या नकलून पोट भरणाऱ्या बुवांना ते मुळीच खपत नसे. भेटेल त्याला ते कसब्यातून बुधवारात पायी हिंडवत. या ओसरीवर पुराण, त्या माडीवर वैद्यकाची पोथी, पलीकडे शाहिराचं घर. शेवटी आमचा, कागद करणाऱ्यांचा, कागदीपुरा. माझा कागद उन्हाकडे धरून ते खोट काढत. “अहो कागदी, इथं गाठ राहिलीय.” वीस वर्षांत त्यांनी माझ्या कागदाला एकदाही बरं म्हटलं नाही, आणि दुसऱ्याकडून कधी घेतलाही नाही.

एका सरदारासाठी त्यांनी सात वर्षं खपून मोठी पोथी लिहिली. ती पुरी होता होता डोळे गेले; मग माझ्या कागदातली गाठ ते बोटानं चाचपून काढू लागले. शेवटच्या पानावर रिवाजाप्रमाणे आपलं नाव, गाव आणि चुकभुलीची क्षमा एवढं घातलं. त्या सरदाराच्या वाड्याकडे मात्र ते कोणाला नेत नसत. आपलं आपण काय दाखवायचं, म्हणत.

एका वर्षी नाशिककडचे एक शास्त्री हट्टालाच पेटले. मलाही तिथं कागद पोचवायचे होते, म्हणून तिघं मिळून गेलो. कारकुनानं देवडीवर पोथी उघडली. बुवांच्या नावावर पिवळा हरताळ फासलेला होता, चुकलेलं अक्षर झाकायला लावतात तसा. खाली लिहिलं होतं की पोथी सरदारांनी स्वहस्ते लिहिली. दोन ओळींच्या पत्राला ज्याला कारकून लागतो, त्यानं!

शास्त्रीबुवांनी चाचरत सांगितलं. बुवांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. “हरताळ तरी चांगल्यापैकी वापरलाय,” म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पान घ्यायला हात पुढे केला, तर कारकुनानं पोथी मागे ओढली. विटाळ होईल म्हणे. चिंध्या कुटून तो कागद केला मी, तेव्हा विटाळ झाला नव्हता!

मी हात मागे घेतला आणि शास्त्रीबुवांना म्हटलं, “शेवटचं पान पाठकोरं आहे, मागं ना अक्षर ना हरताळ. मागून उन्हाकडे धरा.”

त्यांनी धरलं. उलटी अक्षरं लावत लावत त्यांनी मोठ्यानं वाचलं. नाव, गाव, क्षमासुद्धा.

 मग बुवांनी विचारलं, “ओळ सरळ आहे?”

“सरळ आहे,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. “अहो कागदी, कागद बरा आहे तुमचा.”

त्याच थंडीत बुवा गेले. आता श्रावणातल्या पाहुण्यांना मीच हिंडवतो, जिथवर मला हिंडू देतात तिथवर. त्या देवडीपाशी थांबून काठीनं भिंत ठोठावतो. ते बुवांचं नाव विचारतात, तुम्हीही विचाराल. मी सांगत नाही. नाव त्या पानावर आहे. आत जा, पोथी मागा, शेवटचं पान मागून उन्हाकडे धरा, आणि त्याच देवडीवर मोठ्यानं वाचा.