म्हात्रेकाकांची वांगी, देशपांड्यांचं डिझेल

आमच्या कारखान्यामागच्या प्लॉटचे किस्से तणासारखे आहेत. एक उपटला की चार उगवतात! नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही अंबरनाथ पश्चिमेला नोकरीला होतो, तेव्हाचे हे.

प्लॉट रिकामाच पडला होता. आमचे फिटर म्हात्रेकाका चिखलोलीचे. घरची शेती विकली गेलेली, पण हात शिवशिवायचे. त्यांनी तिथे वांगी लावायला घेतली. लेथवरची टर्नरमंडळी हौसेने मदतीला गेली आणि दोन रोपांमधलं अंतर चक्क केसाएवढं माप दाखवणाऱ्या व्हर्नियरने मोजायला लागली!

काका ओरडले, "अरं, वांगी लावायची हायत, बेअरिंग नाय बसवायची!"

*

ड्रॉइंग ऑफिसच्या देशपांड्यांनी कुठंतरी वाचलं, की मोगली एरंडाच्या बियांच्या तेलावर डिझेल इंजिन चालतं. लगेच प्लॉटभोवती त्याचंच कुंपण! स्टोअरचा जेठानंद उल्हासनगरचा सिंधी. तो रोज विचारायचा, "देशपांडे, पेट्रोल पंप कधी खोलतोस? एजन्सी मला दे हां, साईं!"

*

"या झाडाला बकरी तोंड लावत नाही," देशपांडे छातीठोकपणे सांगायचे. खरंच, एकाही बकरीने कुंपणाला तोंड लावलं नाही. सगळ्या फाटकातून आल्या आणि वांगी खाऊन गेल्या!  काका दुसऱ्या दिवशी पुन्हा रोपं घेऊन हजर.

*

कुंपणाला बिया धरल्या, आणि नेमकं तेव्हाच मोठ्या साहेबांनी तिथे स्कूटर स्टँड करायचं ठरवलं. काकांचा चेहरा बघवेना. आम्ही सगळे त्यांच्या केबिनमध्ये घुसलो. देशपांड्यांनी आपलं तेलाचं पुराण लावलं.

साहेब म्हणाले, "सोमवारी तुमच्या तेलावर पाण्याचा पंप चालवून दाखवा. चालला तर प्लॉट तुमचा. नाहीतर स्टँड!"

जेठानंदने ओळखीच्या घाण्यावरून बियांचं तेल काढून आणलं. जेमतेम एक बाटली निघालं.

आता, आमच्याकडे पूजेशिवाय कुठलंच मशीन सुरू होत नाही. पूजेची तयारी काकांकडे. सोमवारी साहेब प्लॉटवर आले तेव्हा पंपाला हार घातलेला, पुढे मोठी समई तेवत होती. देशपांड्यांनी टाकी भरायला बाटली उचलली. रिकामी!

"काका, तेल?"

"समईत घातलं. आपल्या जागंतलं असताना देवाला बाजारचं कशाला?"

आम्ही सगळे गार! साहेबांनी समईकडे बघत विचारलं, "कधीपासून चालू आहे?"

"सकालच्या शिफ्टपासून, साहेब. एकदापन बंद नाय परली!"

साहेबांनी बूट काढले. हात जोडले. मग देशपांड्यांना म्हणाले, "स्टँड गेटजवळ घ्या." आणि काकांकडे वळले, "प्रसाद काय आहे?"

काकांनी एक वांगं तोडून त्यांच्या हातावर ठेवलं.