उलटा सदरा

मिरचीच्या पोत्याखाली ठेवलेल्या सदऱ्याला कडक इस्त्री होते, हे मी स्वतः सिद्ध केलेलं आहे. असा शोध माझ्याआधी कोणी लावला नव्हता. माझ्यानंतर कोणी वापरलाही नाही.

गोष्ट दुसरी जागतिक लढाई सुरू व्हायच्या आधीची. आमचं नंदुरबार तेव्हा तालुक्याचं गाव. माझे वडील (आम्ही त्यांना बा म्हणायचो) मिरचीचे व्यापारी. गावाबाहेर त्यांची पथारी होती, म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. दिवाळीनंतर तिथं इतकी लाल मिरची पसरलेली असे, की आमच्या घरी आलेला पाहुणा दारातच शिंकायचा आणि मग रामराम करायचा. मीही जन्मल्यावर रडायच्या आधी शिंकलो, असं माय सांगायची.

सहावीत दोनदा नापास झाल्यावर बानं मला पथारीवर देठ खुडायला बसवायचं ठरवलं. दिवसभर मिरचीचे देठ खुडायचे, आणि संध्याकाळी जेवताना स्वतःचीच बोटं तोंडात घालायची भीती! मायनं मात्र हट्ट धरला. गावात नवी उद्योगशाळा निघाली होती, तिथल्या शिवणवर्गात तिनं माझं नाव घातलं. "मन्हा पोऱ्या टेलरमास्तर व्हई," असं तिनं गल्लीत सगळ्यांना सांगूनही टाकलं. मला तेव्हा सुईत दोरा ओवता येत नव्हता.

उद्योगशाळेच्या भिंतीवर एक फळा होता आणि त्यावर पोशाखाचे नियम. काळी टोपी, पांढरा सदरा, खाकी अर्धी विजार. सदरा ज्याचा त्यानं वर्गात शिवलेला हवा, स्वच्छ हवा, इस्त्रीचा हवा. पोशाखाशिवाय तीनदा आला, तर नाव कमी. आमचे मास्तर रोज दारात उभे राहून प्रत्येकाला टोपीपासून गुडघ्यापर्यंत बघायचे. मी दोनदा परत गेलो होतो. एकदा टोपी बैलानं खाल्ली म्हणून (खरंच खाल्ली होती), आणि एकदा सदऱ्याची बाही वर्गातच निखळून पडली म्हणून. माझी शिलाई तशीच होती.

तिसरी वेळ आली ती नेमकी तपासणीच्या दिवशी. तपासनीस साहेब धुळ्याहून येणार होते. आदल्या दिवशी दुपारी मी सदरा धुतला. एकच सदरा. उन्हात अर्धवट वाळल्यावर लक्षात आलं, घरात इस्त्री नाही. लोक गादीखाली घडी घालून ठेवतात, ती दाबली जाते. पण आमच्या गादीत कापूस कमी आणि गाठी जास्त! मग मी विचार केला (इथंच चुकलं), की घरात सगळ्यात जड काय? ओटीवर मिरचीची पोती रचलेली होती. मी दोन पोत्यांच्या मधे ओलसर सदरा नीट घडी करून सरकवला आणि मोठं काम केल्यासारखा जेवायला बसलो.

सकाळी सदरा काढला. घडी अशी बसली होती, की धोब्यानं पाया पडावं. फक्त सदरा पांढरा नव्हता. पोत्यातली मिरची ओल्या कापडाला लागून पुढं छातीवर आणि मागं पाठीवर लालभडक नकाशे उमटले होते. मी ओटीवरच बसून रडायला लागलो. मला देठ दिसत होते, आयुष्यभराचे देठ.

माय आली. सदरा हातात घेतला, उलटून बघितला. मांजरपाटाचं कापड जाड होतं, डाग आरपार गेला नव्हता.

"कसाले रडी ऱ्हायना? उलटा करीसन घाल. डाग मझार, पांढरं बाहेर. कोन दखस?"

"माय, आंगले झोंबी."

"झोंबू दे. देठ खुडाले जाशी तं रोजच झोंबी."

मी सदरा उलटा घातला. गुंड्या आतल्या बाजूला गेल्या, त्या मी गळ्यातून हात घालून कशाबशा लावल्या. आणि इतके दिवस आत लपलेली माझी शिलाई आता साऱ्या गावासमोर बाहेर आली. दोऱ्याची टोकं लोंबत होती, टाके मनाला येईल तिकडं गेले होते.

पहिल्या गल्लीपर्यंत काही झालं नाही. दुसऱ्या गल्लीत घाम आला. शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा माझी पाठ चुलीवर ठेवल्यासारखी झाली होती आणि मी चालताना खांदे असे हलवत होतो, की एका म्हाताऱ्यानं विचारलं, "अंगात कोन उनं रे तुन्हा?"

मास्तर दारात होतेच.

"टोपी आहे. विजार आहे. सदरा पांढरा आहे. गुंड्या कुठायत?"

"आत आहेत, मास्तर."

"आत का?"

तेवढ्यात साहेबांचा टांगा आला. मास्तरांनी मला मानेला धरून शेवटच्या ओळीत ढकललं. साहेब आत आले आणि त्यांनी तपासणी शेवटच्या ओळीपासून सुरू केली.

"काय रे, सदरा उलटा का?"

मी घामानं भिजलेलो, आतून भाजत असलेलो, नाकात शिंक दाबून धरलेली. तोंडातून आपोआप निघालं, "शिलाई तपासायला सोपी जावी म्हणून, साहेब."

साहेब थांबले. चेहरा खुलला. "वा! हे टाके तूच घातलेस?"

"हो, साहेब."

"दिसतंच आहे."

मग त्यांनी माझ्या सदऱ्याची कड दोन बोटांनी धरली, उलटून आतली बाजू चोळून बघितली. "हा रंग कसला?" असं म्हणत त्यांनी चष्मा वर केला आणि त्याच बोटांनी डोळा पुसला.

पुढचा भाग मला नीट दिसला नाही, कारण त्याच क्षणी माझी शिंक सुटली. साहेब डोळा धरून बाकावर बसले. मास्तर पाणी घेऊन धावले. मी सदरा काढून फेकला, तो पुढच्या ओळीवर पडला, आणि पुढची ओळ शिंकायला लागली.

कोणीतरी पथारीवर जाऊन बाला बोलावलं. बा ताकाचं मडकं घेऊन आला. साहेबांच्या बोटांना ताक चोळलं, माझ्या पाठीवर उरलेलं ओतलं. मग त्यानं जमिनीवरचा सदरा उचलला आणि नाकाला लावला. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते माझ्याकडे बघून कधी पसरलेलं मला आठवत नाही.

"साहेब, ही पहिला तोडानी शे. कपडामझारथून लागनी म्हंजे मिरची खरी शे."

मास्तरांनी मात्र हजेरीपट उघडला. "उघडा उभा आहे. पोशाख नाही. तिसरी वेळ. नाव कमी करतो." त्यांनी टाक दौतीत बुडवला. मायचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि तिनं गल्लीभर सांगितलेलं सगळं.

"थांबा," साहेब ओला रुमाल डोळ्यावर धरून म्हणाले. "मुलगा आला तेव्हा सदरा अंगात होता?"

"होता, साहेब."

"पांढरा होता?"

"बाहेरून होता."

"मग उलटा घालू नये, असं त्या फळ्यावर कुठं लिहिलंय?"

मास्तरांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. लिहिलेलं नव्हतं. त्यांनी टाक खाली ठेवला. (दुसऱ्या दिवशी लिहिलं. सदरा सुलटा घालावा, हा नियम त्या शाळेला माझ्यामुळं मिळाला.)

जाताना साहेबांनी शेरेबुक मागवलं आणि एका डोळ्यानं बघत माझ्या नावापुढं शेरा लिहिला. बानं तो मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला. 'शिलाई कच्ची. मिरची उत्तम.'

मी शिवणवर्ग पुरा केला. मायच्या शब्दाखातर टेलरमास्तर झालो आणि बाच्या मिरचीच्या दुकानाला लागूनच माझं दुकान टाकलं. त्याला आता चाळीस वर्षं होतील. गिऱ्हाइकं अजून येतात, माझा सदरा हातात घेतात, उलटा करून शिलाई बघतात, आणि शेजारच्या दुकानातून मिरची घेऊन जातात.